समोरची जीभ

दोघा भावांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न एकदा मोडलं आणि मग पुन्हा त्याच मुलाशी झालं, ते वर्ष. त्या घरात अजूनही एखाद्या गोष्टीचा काळ सांगायचा झाला तर ‘दोनदा बोलणी झाली त्या वर्षी’ असंच म्हणतात. लग्नाला आठवडा राहिला होता. सकाळी साडेदहाच्या सुमाराला, कामाच्या भरात, धाकट्यानं थोरल्याच्या जिभेवर तो पांढरा डाग पहिल्यांदा पाहिला.

थोरल्याची जीभ दिसली यात नवल काही नव्हतं. तीस वर्षं तो ती रोज सहा-सात तास बघत आला होता.

दोघे जुळे. थोरला अकरा मिनिटांनी मोठा. त्यांची आई म्हणायची, अकरा मिनिटं असोत नाहीतर अकरा वर्षं, दादा तो दादा. म्हणून धाकटा त्याला दादा म्हणायचा आणि थोरला त्याला धाकट्या. नावानं हाक मारायची वेळ दोघांवर कधी आली नाही. सोफे आणि खुर्च्या मढवायचं त्यांचं दुकान होतं. जुनं कापड फाडायचं, आतला काथ्या झटकायचा, पट्टे नव्यानं ताणायचे, स्प्रिंगा बांधायच्या आणि वर नवं कापड चढवायचं. कापड दोन्ही बाजूंनी एकदम ताणलं तरच सरळ बसतं. म्हणून सोफ्याच्या एका अंगाला थोरला बसायचा, दुसऱ्या अंगाला धाकटा, तोंडाला तोंड करून.

या कामात डावा हात कापडावर आणि उजवा हातोडीवर असतो. खिळे धरायला तिसरा हात नाही, म्हणून खिळे तोंडात. मूठभर बारीक काळे खिळे गालात टाकायचे, जिभेनं एकेक वळवायचा आणि डोकं पुढे करून ओठांशी आणायचा. हातोडीच्या एका टोकाला लोहचुंबक असतं. ते ओठांजवळ नेलं की खिळा चटकन चिकटतो. मग एक ठोका त्या टोकानं आणि एक दुसऱ्या टोकानं. नवशिक्याला हे बघून धडकी भरते. या दोघांना त्याचं काही वाटत नसे. वीस खिळे तोंडात असताना थोरला शिंकायचासुद्धा, आणि एक खिळा खाली पडत नसे.

मात्र बोलणं बंद. दुकानात दिवसभर फक्त ठोके ऐकू यायचे. एकदा एक नवं गिऱ्हाईक आलं आणि दोघांना बराच वेळ हातवारे करून गादी किती जाड हवी ते समजावत बसलं. शेवटी शेजारच्या कुलूपवाल्याला म्हणालं, बिचारे दोघेही मुके आहेत हो. तेव्हा थोरल्यानं खिळे ओंजळीत काढून ठेवले आणि शांतपणे सांगितलं, “तीन आठवड्यांनी या. आणि कापड स्वतः आणू नका, तुम्ही भलतंच आणाल.”

असं समोरासमोर बसून प्रत्येक खिळ्यामागून दुसऱ्याची जीभ दिसायची. स्वतःची जीभ माणसाला कितीशी दिसते? दुसऱ्याची मात्र पाठ होते.

दोघांच्या जिभा जन्मापासून वेगळ्या होत्या. जिभेवर लाल गुळगुळीत ठिगळं आणि ठिगळांच्या कडेनं पांढरी नागमोडी रेघ, जसा कुणी नकाशा काढावा तसा. आणि हा नकाशा एका जागी राहत नसे. सोमवारी शेंड्याला असलेलं ठिगळ शुक्रवारी मधोमध यायचं, कधी दोनाचं एक व्हायचं, कधी पार पुसून जायचं. दुखत काही नसे, तिखट खाल्लं तर थोडं झोंबायचं. आई दोघांना समोरासमोर उभं करून जीभ काढायला लावायची आणि म्हणायची, बघा, एकमेकांची बघा. एकाच्या डाव्या कडेला जे असायचं ते दुसऱ्याच्या उजव्या कडेला असायचं. आरशात दिसावं तसं.

त्यावरून आईनं एक रीत पाडली होती. दोघांपैकी कुणालाही काही झालं की डॉक्टरकडे ती एकालाच न्यायची, जो हाताशी सापडेल त्याला. औषध मात्र दोघांना पाजायची. तोंड आलं तर दोघांचं एकदम यायचं, हेही खरं होतं. एकदा धाकट्याच्या घशासाठी आणलेलं औषध दोघांना दिलं आणि आठ दिवसांत दोघांच्या जिभा तव्याच्या बुडासारख्या काळ्या झाल्या. आईनं दोघांना मोरीत बसवलं, ब्रशनं जिभा घासल्या आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या दिवसांनी काळेपणा गेला. पण एकाला दाखवलं की दुसऱ्याला दाखवल्यासारखं, ही गोष्ट दोघांच्या मनात जी बसली ती बसलीच.

आई गेल्यावर रीत म्हणून ती कुणी पाळली नाही, पण मोडलीही नाही. थोरल्याला आरसा दाढीपुरता लागायचा. जिभेला काही टोचलं, कुठे सोलवटलं, की तो धाकट्यापुढे येऊन म्हणायचा, “तुझी दाखव.” धाकटा जीभ काढायचा. थोरला ती नीट निरखायचा, हं म्हणायचा आणि कामाला लागायचा.

तर तो डाग. थोरल्याच्या उजव्या कडेला, जरा मागे, मसुराच्या डाळीएवढा. चुन्याचा शिंतोडा उडून वाळावा तसा. धाकट्याला वाटलं, नकाशातलंच काही असेल, जाईल पुढे. लग्न झालं, पाहुणे गेले, दुकान पुन्हा सुरू झालं. डाग होता तिथंच होता.

मग धाकट्यानं एक उद्योग सुरू केला. दर सोमवारी तो मापाच्या खडूनं आपल्या बाकाच्या फळीवर, आतल्या अंगाला, थोरल्याची जीभ काढायचा. ठिगळं जिथं असतील तिथं ठिगळं, डाग असेल तिथं टिंब. आठवड्यामागून आठवडे गेले. फळीवर चौदा जिभा ओळीनं झाल्या. एका दुपारी थोरला कापड आणायला गेला असताना धाकट्यानं फळी उलटी करून त्या ओळीकडे पाहिलं. चौदा नकाशे चौदा तऱ्हेचे होते. लाल ठिगळं येत होती, जात होती, ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं तशी त्या टिंबाला वळसा घालून पुढे जात होती. टिंब चौदाही वेळा एकाच जागी होतं. फक्त पहिलं टिंब खडू टेकवून झालं होतं आणि चौदावं खडू गोल फिरवून.

त्यानं ओल्या फडक्यानं फळी पुसून काढली. थोरला परत आल्यावर तो म्हणाला, “दादा, तुझ्या जिभेच्या कडेला काहीतरी आहे. चार महिने बघतोय.”

थोरला जवळ येऊन म्हणाला, “तुझी दाखव.”

धाकट्यानं दाखवली. थोरल्यानं त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, दोन्ही कडा पाहिल्या.

“काही नाही,” तो म्हणाला आणि मूठभर खिळे तोंडात टाकले.

त्याच आठवड्यात धाकट्याच्या जिभेची आग व्हायला लागली. डाव्या कडेला, जरा मागे. थोरला समोर बसला की त्याचा डाग जिथं यायचा, त्याच्या बरोबर समोर. धाकट्यानं आरशात पाहिलं, बोटानं चाचपलं. तिथं काही नव्हतं, कातडी मऊ आणि लाल. पण चटका बसल्यावर राहते तशी आग थांबेना. तोंडाला लोखंडाची चव राहिली, सुटीच्या दिवशीसुद्धा, खिळ्याला हात लावलेला नसताना. पाण्यालाही तीच चव.

धाकट्याची बायको पाच वर्षांपूर्वी गेली होती आणि त्याचं जेवणखाण थोरल्याकडेच असायचं. एकदा सकाळी तिघं बसली होती. थोरल्यानं गरम चहाचा घोट घेतला आणि धाकट्याच्या तोंडून हाय निघालं. त्याचा कप अजून टेबलावरच होता, भरलेला.

वहिनींनी किटली खाली ठेवली. “भावजी, चहा हे पितात आणि चटका तुम्हाला बसतो का?” त्यांनी गमतीनंच विचारलं, पण विचारून झाल्यावर दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या. मग त्यांनी लकडा लावला की दोघंही मोठ्या दवाखान्यात जाऊन या, तिथं तोंडाचा वेगळा विभाग आहे. त्याच सुमाराला एका नाटकगृहाच्या साडेतीनशे खुर्च्या मढवायचं काम हाती आलं होतं आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. थोरल्यानं कपातला चहा संपवला आणि भावाला म्हणाला, “तू जाऊन ये. दोघांचं होऊन जाईल.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं लहान, पण हाताला सवय असलेल्या. त्यांनी जाळीच्या कापडात त्याच्या जिभेचा शेंडा धरला, जीभ बाहेर ओढली, एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे. जिभेखाली बोट घालून दाबून पाहिलं, मग गालांच्या आत, हिरड्या, टाळू, मानेच्या गाठी. इतक्या बारकाईनं त्याची जीभ आजवर फक्त दादानं पाहिली होती. त्यांनी सांगितलं की हा नकाशा निरुपद्रवी आहे, काही जणांना असतो, त्याला औषध नको. आग होते त्याचं कारण वरून दिसत नाही, या वयात होतं असं कधीकधी, रक्त तपासू. आणि ते खिळे तोंडात धरणं तेवढं सोडा.

धाकटा उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. नकाशात पांढरा डाग असला तर काय, असं त्यानं विचारलं.

बाई म्हणाल्या, “फिरता असेल तर फिरू द्या. पण पुसून जात नाही आणि तीन आठवडे एकाच जागी बसलाय, असा पांढरा नाहीतर लाल डाग दिसला, तर दुसऱ्या दिवशी इथं यायचं. दुखत नसला तरी. तुमच्या जिभेवर तसा नाही.”

“माझ्या नाही ना?”

“नाही.” त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. “कुणाच्या आहे?”

त्या वेळी दारातून एक बाई मुलाला घेऊन आत येत होती. धाकट्यानं तिला वाट दिली. “कुणाच्या नाही,” तो म्हणाला. “सहज विचारलं.”

तो घरी पायी निघाला. त्याला कळत नव्हतं असं नाही. चार महिने म्हणजे किती आठवडे, हे त्यानं वळणाच्या पुलावर उभं राहून बोटांवर मोजलं. पण त्याच्या आत एक जुनी भीती होती. जे एकाला झालं ते दुसऱ्याला झालंच होतं, आजवर कधी चुकलं नव्हतं. बाईंनी त्याच्या जिभेला ‘नाही’ असं स्वच्छ म्हटलं होतं. आता दादाच्या जिभेवरच्या त्या डागाला कुणी नाव दिलं, तर ते नाव त्याच्याही जिभेवर येणार. नाव मिळालंच नाही तर कदाचित दोघांनाही काही होणार नाही. भीतीचं गणित असंच असतं. बाहेरच्याला वेड्यासारखं वाटतं आणि करणाऱ्याला अगदी बरोबर.

दुकानात थोरला तोंडात खिळे धरून बसला होता. त्यानं नुसत्या भुवया उंचावल्या.

“काही नाही म्हणाल्या,” धाकट्यानं सांगितलं. “नकाशा निरुपद्रवी आहे. औषधसुद्धा नको.”

थोरल्यानं मांडीवर थाप मारली, खिळे ओंजळीत काढले आणि दुकानामागच्या घराकडे तोंड करून बायकोला ओरडून सांगितलं, “ऐकलंस का? आमची जीभ पास झाली.”

तो दोघांच्या मिळून एका जिभेबद्दल बोलत होता. आणि त्याच घटकेला धाकट्याच्या तोंडातली आग गेली. दिवा मालवावा तशी. त्यानं थुंकी गिळून पाहिली, पाणी पिऊन पाहिलं. लोखंडाची चवही गेली होती. पाणी पाण्यासारखं लागलं. याचा अर्थ आपण केलं ते बरोबरच केलं, असं त्यानं स्वतःला पटवलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

पुढचे सात महिने साडेतीनशे खुर्च्यांनी खाल्ले. फिकट सायीच्या रंगाचं कापड होतं, हात लागला तरी डाग पडेल असं. दोघे समोरासमोर बसायचे आणि धाकटा शक्य तितकी नजर हातोडीवर ठेवायचा. तरी दिसायचं ते दिसायचंच. डाळीचा वाटाणा झाला. पांढऱ्यात लाल भेग पडली. कडा फुगून वर आली. थोरला खिळे आता फक्त डाव्या गालात धरायचा आणि विचारलं तर म्हणायचा, बदल म्हणून. त्याचं बोलणं तोंडात घास असल्यासारखं जड झालं होतं. जेवायला वेळ लागू लागला. अधूनमधून तो भावापुढे येऊन उभा राहायचा. तुझी दाखव. धाकटा जीभ काढायचा, डोळे मिटून घ्यायचा. थोरला बघायचा, समाधान पावायचा आणि जायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी थोरल्यानं ओठांशी खिळा आणला, हातोडीनं उचलला आणि खिळ्यामागून लाल धागा लांबत आला. तो तुटून सायीच्या कापडावर पडला. थोरल्यानं खिळा ठोकला, दुसरा ओठांशी आणला. त्याच्याही मागून तसाच. त्याला कळलंच नव्हतं. समोर धाकटा हातोडी अर्धवट उचलून बसून राहिला.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कापड पाहिलं, नवऱ्याचा ओठ पाहिला आणि मग दिराकडे पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “भावजी, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी नक्की काय सांगितलं होतं?”

आता मूग गिळून बसणं शक्य नव्हतं. धाकट्यानं सगळं सांगितलं. तीन आठवड्यांचंही, आणि कुणाच्या आहे असं विचारल्यावर आपण काय उत्तर दिलं तेही. थोरला तोंडात खिळे तसेच ठेवून ऐकत होता.

वहिनी म्हणाल्या, “तुम्ही तुमची जीभ दाखवून आलात. यांची कुठे दाखवली?”

इतकी साधी गोष्ट त्या घरात पन्नासपेक्षा जास्त वर्षांत कुणी बोललं नव्हतं. बोललं गेल्यावर दोघे भाऊ एकमेकांकडे अशा नजरेनं पाहू लागले, जणू पलीकडे बसलेला माणूस आज पहिल्यांदाच दुकानात आला आहे.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. थोरल्याला पाहून म्हणाल्या, तुम्ही आधी येऊन गेलात ना? थोरल्यानं मागे बोट दाखवलं. बाईंनी मागे उभ्या असलेल्या त्याच चेहऱ्याकडे पाहिलं आणि क्षणभर त्यांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी कापडात जीभ धरली, वळवली, मानेवरून बोटं फिरवली. बोटं एका जागी थांबली. तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, असं त्या म्हणाल्या. धाकट्याला त्यांनी एकच शब्द विचारला, “तेव्हापासून?” आणि तो हो म्हणाल्यावर कागद लिहायला घेतला.

बाहेर बाकावर दोघे शेजारी शेजारी बसले. समोरासमोर बसायची सवय, म्हणून दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. थोरला म्हणाला, “तुझी आग व्हायची ना रे. ती कधी थांबली?”

“मी तुला काही नाही म्हणून सांगितलं, तेव्हाच.”

थोरल्यानं मान हलवली. त्याला बोलायला त्रास होत होता, म्हणून तो एकेक शब्द ठेवत गेला. “मला तेव्हापासून लागली. तू पाणी पीत होतास बघ, तेव्हा. त्याआधी मला काहीच होत नव्हतं.” मग तो म्हणाला, “मला वाटलं, डॉक्टरांनी काही नाही म्हटलंय, म्हणजे आग होत नसणार.”

धाकट्यानं त्याचा हात धरायला हात पुढे केला. थोरल्यानं तो धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत.

फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. उजवीकडची अर्धी जीभ गेली, मानेतल्या गाठी काढल्या. त्या दिवशी दवाखान्याच्या मोरीत धाकट्यानं तोंड धुताना आरशात जीभ काढून पाहिली. नकाशा नव्हता. एकही ठिगळ नाही, एकही रेघ नाही, दुसऱ्याच कुणाची असावी तशी एकसारखी गुलाबी जीभ. तो असा घाबरला की त्यानं नर्सला बोलावून दाखवली. ती म्हणाली, अहो, चांगली तर आहे.

डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. नकाशा येतो, जातो, त्यात काही नाही. पण तो परत आला नाही. सकाळी तोंड धुताना धाकटा आरशापुढे उभा राहायचा आणि ती कोरी जीभ बघून त्याला वाटायचं, कुणीतरी आपलं सामान आवरून या घरातून निघालं आहे.

थोरला दुकानात यायचा. त्याला बोलता येत नव्हतं, पण तीस वर्षं खिळे तोंडात धरून न बोलता काम करणाऱ्याला त्याची फारशी अडचण नव्हती. तो एका अंगाला बसून कापड ताणायचा, धाकटा दोन्ही अंगांचे खिळे ठोकायचा, सोफ्याला वळसे घालून घालून. खिळे आता वाटीत असायचे. काम निम्म्या वेगानं व्हायचं. राहिलेल्या चाळीस खुर्च्या त्यांनी तशाच पुऱ्या केल्या.

मे महिन्यात मानेत पुन्हा गाठ आली. या वेळी कापण्यासारखं काही नाही, असं सांगितलं. थोरला अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी त्यानं खुणेनं धाकट्याला जवळ बोलावलं आणि हनुवटीला हात लावला. धाकट्याला वाटलं, जीभ दाखव म्हणतोय. त्यानं जीभ काढली. थोरल्यानं ती पाहिलीच नाही. त्यानं मान जोरानं हलवली, उशाची पाटी घेतली आणि लिहिलं, “मला नको. त्यांना दाखव. दर तीन महिन्यांनी. तुझी म्हणून दाखव.” मग ‘तुझी’ या शब्दाखाली त्यानं दोन रेघा ओढल्या आणि पाटी वहिनींच्या हातात दिली, धाकट्याच्या नाही.

धाकटा जुलैत जाऊन आला. तोंडात काही नव्हतं. घरी येऊन त्यानं वहिनींना तसं सांगितलं. त्यांनी त्याच्याकडून कागद मागून घेतला, स्वतः वाचला आणि कपाटात ठेवला. थोरल्याला जाऊन हे सांगावं असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

थोरला त्याच वर्षी वारला. ऑगस्टची एकोणीस तारीख, सकाळी सव्वानऊ वाजता, राहत्या घरी. जवळ त्याची बायको होती. धाकटा दुकान उघडत होता. थोरल्याचं वय अठ्ठावन्न होतं.